चिठ्ठी दिली, पुढं काय?

(रिठद, ता. रिसोड, जि. वाशिम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या आठवणीत ही व्याख्यानमाला आहे त्या काकूंच्या मुलांनी मला बोलावलं तेव्हा मी त्यांना आधी एकच विचारलं. आजाराचं नाव घेतलं तर चालेल का? धाकटा म्हणाला, "बाई, नाव घेनार नसान तर येऊच नका." म्हणून सुरुवातीलाच घेते. काकूंना स्तनाचा कॅन्सर होता. सारं गाव त्यांना काकू म्हणायचं, मीही तेच म्हणणार आहे.

आज त्यांच्या फोटोला हार घातला, बचत गटाच्या बायांनी त्यांच्याबद्दल सांगितलं, ते सगळं खरं आहे. पण माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. कॅन्सर तपासणीची शिबिरं घेणाऱ्या ज्या संस्थेसाठी मी सुट्टीच्या दिवशी, एक रुपया न घेता, गावोगाव हिंडत होते, त्या संस्थेच्या या पंचक्रोशीतल्या सगळ्यांत कडक टीकाकार काकूच होत्या. आणि त्यांचं बरोबर होतं. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

संस्था शहरातली. मी तेव्हा रिसोडला शाळेत शिकवत होते. ऑक्टोबर महिना आला की संस्थेची गाडी यायची, गुलाबी फुगे, गुलाबी फिती, गुलाबी टी-शर्ट. काकूंशी ओळख झाली त्या वर्षीचं शिबिर एका शाळेत होतं. वर्गाच्या खिडक्यांना आम्ही जुन्या साड्या बांधून आडोसा केला होता. सोयाबीनची काढणी चालू होती, बाया रोज बुडवून आल्या होत्या. पण आधी पाहुणे आले, मग त्यांचा सत्कार, मग भाषणं. दीड तास बाया पटांगणात उन्हात बसल्या. त्यानंतर डॉक्टर मॅडमनी तपासायला सुरुवात केली. त्या मनापासून काम करत होत्या, एकेकीला वेळ देत होत्या. संध्याकाळपर्यंत नऊ जणींच्या हाताला काहीतरी लागलं. त्या नऊ जणींना चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं की पुढील तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात जावं. गाडी निघून गेली. फुगे पोरांनी फोडले.

महिन्याभराने ग्रामसभेत काकूंनी उभं राहून मला विचारलं, "बाई, तुमी नऊ जनीइले चिठ्ठ्या देल्या. त्यातल्या किती जनी गेल्या?"

मला माहीत नव्हतं. मी संस्थेची माहिती सांगायला लागले, किती गावं केली, किती बायांना तपासलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "ते नाई इचारलं. चिठ्ठी देली, पुढं काय?"

मी त्या दिवशी घरी येऊन रडले. अपमान झाला म्हणून रडले, त्या नऊ जणींसाठी नाही. हे आज या ठिकाणी सांगायलाच हवं.

त्याच सुमारास संस्थेवर शहरातही टीका सुरू झाली होती. मंडप, टी-शर्ट आणि फुग्यांवर किती खर्च होतो आणि रोग्याच्या औषधावर किती, असं एका वर्तमानपत्रात छापून आलं. तो कागद इथं पारावरही पोचला. "बायांच्या छात्या तपासून पैसा खातात" इथपर्यंत बोललं गेलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका अंगणवाडीसेविकेच्या सासूने तिला घरात सांगितलं की उद्यापासून त्या गाडीत बसायचं नाही. हिशेब संस्थेच्या ऑफिसात, निर्णय ऑफिसात, पण तोंड द्यायचं आम्ही, कारण दिसायला आम्हीच होतो.

पगार घेणाऱ्याला टीका झोंबते, पण बिनपगारी माणसाला ती दुप्पट झोंबते. आपण पदरचं भाडं घालून जातो, घरचं जेवण टाकून जातो, मग आपल्याला कुणी विचारायचं काय कारण, असं आत कुठंतरी बसलेलं असतं. मी ते माझ्यात पाहिलं आहे. सेवा केली म्हणजे जाब द्यावा लागत नाही असं आपण धरून चालतो. त्यातून मग टीका करणारा प्रत्येक जण वैरी वाटायला लागतो, आणि ज्याने खरोखर चूक दाखवली तोही त्याच रांगेत जाऊन बसतो.

आमच्यासारख्यांच्या वाट्याला हे सगळीकडे आलेलं आहे. अमेरिकेत सुझन कोमेन या बाईच्या नावाची फार मोठी संस्था आहे, तिच्या बहिणीने १९८२ मध्ये सुरू केलेली. २०१२ च्या जानेवारीअखेर त्या संस्थेने गरीब बायांची तपासणी करणाऱ्या एका दुसऱ्या संस्थेचं अनुदान थांबवल्याचं बाहेर आलं. देशभर इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. पण गावोगावी वर्षानुवर्षं राबणाऱ्या बाया, ज्यांना निर्णय होईपर्यंत त्याची गंधवार्ताही नव्हती, त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जाब विचारला.

आणि ज्या गुलाबी फितीवरून एवढं बोललं जातं, तिची सुरुवात मला कळली तेव्हा काकू डोळ्यांसमोर आल्या. अमेरिकेतच शार्लट हेली नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने, जिच्या घरात हा रोग होऊन गेला होता, १९९० नंतरच्या त्या एक-दोन वर्षांत घरी जेवणाच्या टेबलावर बसून फिती केल्या. त्या गुलाबी नव्हत्या, फिक्या पीच रंगाच्या होत्या. प्रत्येक फितीबरोबर एक कार्ड असायचं आणि त्यावर लिहिलेलं असायचं की सरकार कॅन्सर संशोधनावर एवढा पैसा खर्च करतं, त्यातला रोग होऊ नये यासाठी फक्त शंभरातले पाच रुपये का? १९९२ मध्ये एका मासिकाने आणि सौंदर्यप्रसाधनांच्या एका मोठ्या कंपनीने ती फीत मागितली. हेलीबाईंनी नकार दिला, त्यांना तिचा बाजार करायचा नव्हता. मग कंपनीने रंग बदलून गुलाबी केला. म्हणजे ती फीत मुळात एक प्रश्न होती. कार्ड गळून पडलं आणि फीत तेवढी उरली. मी छातीवर जी लावून हिंडत होते, तिच्यामागचा प्रश्न काकू मला ग्रामसभेत विचारत होत्या.

आता शब्दांबद्दल बोलायचं आहे, कारण सगळ्यांत जास्त टीका शब्दांवरून होते आणि बायाही सगळ्यांत जास्त तिथंच अडतात.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या मेट्रोत एक पोस्टर लागलं होतं. क्रिकेटपटू युवराज सिंग स्वतः कॅन्सरमधून बाहेर आलेले, त्यांच्या संस्थेचं ते पोस्टर. चित्रात बसमधल्या बायांच्या हातात संत्री, आणि खाली महिन्यातून एकदा आपली संत्री तपासा अशा अर्थाचा मजकूर. लोक चिडले. अवयवाचं नाव घ्यायची लाज वाटते तर जागृती कशाची करता, बाईच्या शरीराला फळ का म्हणता, असं विचारलं गेलं. मेट्रोने पोस्टर काढून टाकलं. संकोच मोडावा म्हणून ती उपमा घेतली होती असं संस्थेच्या बाजूने सांगण्यात आलं.

मला टीका करणाऱ्यांचं पटलं. ज्या बाईला वाचता येतं पण विषय माहीत नाही, तिला त्या पोस्टरवरून काहीच कळलं नसतं. पण त्याच वेळी मला त्या संस्थेच्या अशा कार्यकर्त्या आठवल्या ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुठल्यातरी वस्तीत तपासणीची गाडी घेऊन उभ्या असतील आणि कुणीतरी हसून म्हटलं असेल, आली संत्रीवाली. त्यांनी पोस्टर केलेलं नव्हतं.

आपल्या मराठीत या बाबतीत एक चांगली सोय आहे आणि एक वाईट सवयही आहे. बाळ अंगावर पितं असं आपण म्हणतो. अंगावरचं दूध म्हणतो. कुणालाही न लाजवता आपल्या आया-आज्यांनी स्तनाला अंग म्हटलं. आणि त्याच बाया दुखणं अंगावर काढतात. दोन्हीकडे तोच शब्द. आम्ही 'स्तन' म्हणत होतो तोवर बाया खाली बघायच्या. एकदा मी सहज विचारलं, "लेकरू अंगावर पीत होतं तिथं कुठं गाठ लागते का?" तर सहा-सात जणींनी एकदम बोलायला सुरुवात केली. काकूंचं मात्र वेगळं म्हणणं होतं. त्या म्हणायच्या, आधी हा घरचा शब्द वापरा, पण नंतर पुस्तकातला शब्दही शिकवा, नाहीतर दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर काय म्हणतो ते कळायचं नाही आणि बाई तिथं मुकी होईल.

सरळ शब्द वापरण्याची किंमतही आपल्याकडे मोजली गेली आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. शरीराचं नाव सरळ घेतलं म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला, त्याआधी प्राध्यापकाची नोकरी गेली होती. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. १९५३ मध्ये जाईपर्यंत कर्व्यांनी मासिक बंद केलं नाही, आणि घराला आधार होता तो त्यांच्या पत्नी मालतीबाईंच्या नोकरीचा. मालतीबाईंचं नाव मी मुद्दाम घेते. नवऱ्यावर गाव थुंकत असताना रोज कामावर जाऊन लोकांच्या नजरा झेलणारी ती बाई होती.

ते पोस्टर मला पटलं नाही, पण संत्रं मात्र मी सोडलं नाही. आपल्या जिल्ह्यात संत्र्याच्या बागा आहेत, तोडणीला बाया जातात, साल कशी असते हे त्यांना मी सांगायची गरज नाही. डॉक्टरांच्या पुस्तकात या रोगाची एक खूण आहे, जिचं नावच संत्र्याच्या सालीवरून पडलेलं आहे. आत रोग वाढला की कधी कधी वरची कातडी जाड होते आणि तिच्यावर बारीक बारीक खड्डे दिसतात, अगदी संत्र्याच्या सालीवरच्या छिद्रांसारखे. मी पिशवीतून एक संत्रं काढते, बायांच्या हातात देते. ते फिरत फिरत माझ्याकडे परत येतं. मग सांगते की कातडी अशी दिसली, किंवा कुठं आत ओढल्यासारखी झाली, बोंडी आत गेली, बोंडीतून रक्त आलं, काखेत गाठ लागली, किंवा छातीत अशी गाठ लागली जी पाळी येऊन गेली तरी जात नाही, तर दुखायची वाट बघू नका. एका शिबिरात एक आजी ते संत्रं हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "माये, हे तं माह्या भयनीले झालतं." बहीण जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात तिला गळू झालं म्हणून सांगितलं जायचं.

दुखत नाही, हीच या रोगाची सगळ्यांत मोठी फसवणूक. "दुखत नाई बाई, मंग काऊन दाखवू?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मोजदाद नाही. शेतात राबणाऱ्या बाईला शरीराने एकच भाषा शिकवलेली असते, दुखलं तर बघू. सुरुवातीला ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही.

आमच्यावरची एक टीका डॉक्टरांकडूनही आली, आणि ती ऐकायला मी सगळ्यांत कमी तयार होते. दर महिन्याला स्वतः हाताने तपासा म्हणजे जीव वाचेल असं आम्ही सांगत होतो. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या दोन लाख साठ हजारांहून जास्त बायांवर यासाठी मोठा अभ्यास झाला होता. निम्म्या जणींना नीट शिकवून हाताने तपासायला लावलं, निम्म्यांना नाही. २००२ मध्ये निकाल आला. दोन्हीकडे मृत्यू सारखेच. शिकवलेल्या बायांत साध्या, निरुपद्रवी गाठींच्या तपासण्या मात्र जास्त झाल्या. म्हणजे आम्ही जे वचन देत होतो ते खरं नव्हतं. आपलं शरीर ओळखीचं असावं आणि बदल दिसला की लगेच दाखवावं, हे खरं. त्यापलीकडे आश्वासन द्यायचा आम्हाला अधिकार नव्हता.

दुसरा अभ्यास आपल्या मुंबईतला, टाटा हॉस्पिटलचा. १९९८ पासून दीड लाखाहून अधिक बाया, झोपडपट्टीत राहणाऱ्या. यात दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निकाल छापून आला. रोग लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही. त्याच अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचीही तपासणी होती, आणि तुलनेसाठी ठेवलेल्या बायांना ती का दिली नाही म्हणून अभ्यासावर कडक टीका झाली. टीका योग्य होती की नाही यावर मोठे डॉक्टर आजही वाद घालतात. मी त्यातून माझ्यापुरतं एक घेतलं. दहावी शिकलेल्या बाईचा शिकवलेला हात उपयोगी पडतो, पण तपासलेल्या बाईच्या मागे पुढची वर्षं उभं राहावं लागतं. त्या अभ्यासात बायांचा वीस वर्षं माग ठेवला होता. आम्ही संध्याकाळी गाडीत बसून निघून गेलो होतो.

देशात २०२२ मध्ये सुमारे एक लाख ब्याण्णव हजार बायांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे अठ्ठ्याण्णव हजार गेल्या, असा अंदाज आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांत एकीचीही स्तनाची तपासणी कधी झालेली नव्हती. आशाताईंच्या फॉर्ममध्ये छातीत गाठ आहे का हा प्रश्न छापलेला आहे. तो विचारायला एकांत हवा, आणि घराच्या ओसरीवर सासरा बसलेला असतो. आशाताई बरोबर नसताना मी कुठल्याही घरात गेलेले नाही, त्या इथं बसल्या आहेत, त्यांना माहीत आहे.

आता काकूंचं सांगते.

ग्रामसभेनंतर काकू स्वतःच त्या नऊ जणींच्या घरी गेल्या. सात जणी कुठंच गेलेल्या नव्हत्या. कुणाला चिठ्ठी वाचता आली नव्हती, कुणाच्या नवऱ्याने दिवाळीनंतर बघू म्हटलं होतं, एकीने चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली होती. काकूंनी बचत गटाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि रकाने आखले. नाव. चिठ्ठी कधी मिळाली. सुई, म्हणजे गाठीची सुईने तपासणी, कधी झाली. रिपोर्ट कधी आला. उपचार कधी सुरू झाला. आणि शेवटचा रकाना, सोबत कोण गेलं. मला बोलावून त्यांनी वही दाखवली आणि म्हणाल्या, "आता भरा."

मला वाटलं होतं अडचण भीतीची असेल. भीती होतीच. सुई टोचली की कॅन्सर पसरतो हा समज तर घराघरात आहे, आणि तो चूक आहे. सुईशिवाय गाठ कसली आहे हे नक्की कळत नाही, आणि बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतातच. पण त्याहून जास्त दिवस गेले कागदांत. शिधापत्रिकेवर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार मोफत होतात, पण दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर नाव जुळावं लागतं. एका बाईचं 'इंदू' आणि 'इंदुबाई' जुळवायला रिसोडला तीन खेपा झाल्या. कॅन्सरच्या सेवेत मी केलेलं सगळ्यांत उपयोगाचं काम कोणतं म्हणाल तर त्या खेपा. त्यात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.

फोटोवरून आठवलं, तीही आमची चूक सांगते. शिबिराच्या रांगेचा फोटो छापून आला होता. त्यात लग्नाची एक मुलगी होती, ती आईला घेऊन आलेली. पाहुण्यांनी चौकशी केली, पोरीला काही आहे का? सोयरीक मोडता मोडता राहिली. तिच्या वडिलांनी मला दारातून परत पाठवलं. त्यांच्यावर रागावण्याचा मला काहीच हक्क नव्हता. तेव्हापासून आमच्या कामात कुणा बाईचा फोटो घेतलेला नाही. संस्थेला ते आवडलं नाही.

मग दोन वर्षांनी काकूंनाच गाठ लागली. आंघोळ करताना. आणि मंडळी, ज्या बाईने रकाने आखले तिनेसुद्धा चार महिने कुणाला सांगितलं नाही. "सोयाबीन निघू दे म्हनलं, मंग तूर आली." हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांच्या तोंडावर जी लाज होती ती मी ग्रामसभेत उभी असताना माझ्या तोंडावर असली पाहिजे. आम्ही अकोल्याला गेलो. एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या होत्या, पिशवीत वही होती. सुईच्या आधीच्या क्षणी त्यांनी माझा हात धरला नाही, वही मागितली आणि विचारलं, "आजची तारीख काय?"

ऑपरेशन झालं, एक बाजू काढावी लागली. केमो झालं, केस गेले. गावात म्हटलं गेलं की लोकांचे रोग शोधत हिंडली म्हणून तिला लागला. त्यावर काकूंनी काही उत्तर दिलं नाही, वेचणीच्या हंगामात पदर घेऊन शेतात गेल्या. हाताला सूज यायची म्हणून ओझं उचलू देत नव्हते, तर बायांबरोबर बांधावर बसून बोलायच्या.

त्यांनी स्वतः शिवलेली एक गोष्ट मी आज आणली आहे, सुनेच्या परवानगीने. ही मलमलची छोटी गोल पिशवी. आत सरकी काढलेला आपला कापूस, आणि मधे मूठभर ज्वारी, वजनासाठी. नुसता कापूस भरला की ती बाजू हलकी पडते, चालताना ब्लाउज वर सरकतो. ज्वारी किती घालायची हे त्यांनी चार-पाच वेळा उसवून ठरवलं होतं. शहरात आता सुती धाग्याने विणलेले कृत्रिम स्तन काही संस्था बायांना फुकट देतात, फार चांगलं काम आहे. काकूंना ते माहीत नव्हतं. ज्वारीला कीड लागते म्हणून त्या दर दोन महिन्यांनी उन्हात उसवून भरायच्या. अशा पिशव्या त्यांनी अकरा जणींना शिवून दिल्या. हातात घेऊन बघा, पुढं सरकवा.

सहा वर्षं त्या बऱ्या होत्या. त्या सहा वर्षांत शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी त्यांचंच नाव आहे. अकोला, नागपूर, दोनदा मुंबई. नागपूरच्या रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. १९६८ मध्ये महाराजही कॅन्सरनेच गेले. काकू घाबरलेल्या बाईला हे सांगायच्या आणि विचारायच्या, मग हा पापाचा रोग कसा? मुंबईत टाटाला गेलं की दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरायचं, तिथली चटई, तिथली वेळ, सगळं त्यांना पाठ होतं. आपल्याकडे "टाटाले नेलं" म्हटलं की माणसं आवाज खाली करतात. काकू मोठ्याने सांगायच्या, टाटाले नेलं आनि वापस आनलं.

संस्थेशी त्यांचं भांडण शेवटपर्यंत चाललं. दरवर्षी ऑक्टोबरात त्या हिशेब मागायच्या. मी मध्ये दोनदा राजीनामा लिहिला होता. एकदा शहरातल्या बातम्यांमुळे, एकदा काकूंमुळेच. दुसरा राजीनामा मी त्यांना दाखवला, वाटलं त्या म्हणतील बरं झालं. त्या म्हणाल्या, "तुमी गेल्यावर मी कोनाले इचारू?" मी तो कागद फाडला. हळूहळू काही गोष्टी बदलल्या. मंडप गेला. सत्कार गेले. चिठ्ठी मराठीत छापली जाऊ लागली, तिच्यावर दवाखान्याचं नाव, वार, वेळ आणि सोबत येणारीचा फोन नंबर आला. फुगे अजून आहेत, ते मला काढता आले नाहीत.

मग एका उन्हाळ्यात त्यांची कंबर दुखायला लागली. सगळ्यांना वाटलं कामाची आहे. यावेळी दुखत होतं, म्हणून लगेच गेलो. हाडात पसरलेलं होतं. शेवटच्या महिन्यात मी भेटायला आले तेव्हा त्यांनी वही माझ्याकडे दिली. ती ही.

यात आज दोन नावं अशी आहेत ज्यांच्या सुईच्या रकान्यात उद्याची तारीख आहे. दोघी याच भागातल्या आहेत, कोण ते मी सांगणार नाही, त्यांना माहीत आहे. उद्या सकाळी सातच्या एस.टी.ने अकोला. बायांना अर्धं तिकीट आहे, डबा घरून घ्यायचा, संध्याकाळी उशीर होईल. एकीसोबत मी जाते आहे. दुसरीसमोरचा शेवटचा रकाना रिकामा आहे. पेन इथं टेबलावर ठेवते.